एर्सिलियाचे डावखुरे देव

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की आमच्या आक्विलेइआतली निम्मी माणसं गुत्त्याकडे वळायची आणि दोन-चार जण तरी एर्सिलियाच्या स्वयंपाकघराकडे. हातात रुमाल, रुमालाच्या टोकाला गाठ आणि गाठीत दगड. आमच्या जमिनीखाली जुनं रोमन शहर आहे, नांगर घातला की त्या लोकांचं काही ना काही वर येतंच. विटा-खापरांचं कुणाला कौतुक नाही, ती बांधावर फेकतात. पण मसुराच्या डाळीएवढा लालसर दगड मिळाला आणि त्यात काहीतरी कोरलेलं दिसलं, की माणूस बायकोलासुद्धा न सांगता तो खिशात टाकतो. मग आठवडाभर त्याच्या जिवाला घोर, की आत आहे तरी कोण?

ते एर्सिलिया सांगायची.

"हा सान् जोर्जो आहे," म्हातारा मेनोन दरवेळी म्हणायचा. त्याला प्रत्येक दगडात संतच दिसायचा.

"मग घोडा कुठाय, मेनोन?"

"झिजला असेल."

"आणि ड्रॅगन? तोही झिजला? तुझ्या सोयीचं तेवढं शाबूत राहतं आणि बाकीचं झिजतं होय रे?"

मग ती दगड पुसून आधी ओठाला लावायची. खरा दगड गार राहतो, काच लगेच ऊब धरते. मग सरळ जिभेनं चाटून ओला करायची, म्हणजे मेण चिकटत नाही. चर्चमधून आणलेल्या मेणबत्तीचा तुकडा बोटांत मळून मऊ करायचा, दगडावर दाबायचा आणि हलकेच सोडवायचा. आणि तिथे, मेणावर, नखाएवढ्या जागेत एक अख्खा माणूस उभा राहायचा. नाक, गुडघे, कपड्याच्या चुण्या, सगळं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. प्रत्येक वेळी मला वाटायचं की हा माणूस आत्ता जन्मला.

"हे बघ. पायाशी कोंबडा, हातात पैशाची थैली, टोपीला पंख. हा मर्क्युरी. व्यापाऱ्यांचा देव, आणि चोरांचा."

"चोरांचा? मग माझ्या शेतात काय करतोय?"

"शेत कुणाचं लाटलंयस ते आठव."

सगळे हसायचे, मेनोन सगळ्यांत जास्त. एर्सिलिया कॉफी ओतायची, कप संपला की त्यात थोडी ग्राप्पाची दारू घालून तो विसळून प्यायचा, आणि घरी जायचं. जाताना मेनोन दारातून एकदा तरी विचारायचा, "पण दगडात बघितलं तर थैली डाव्या हातात दिसते, आणि मेणात उजव्या. खरी कुठली?"

"मेणातली. दगडात सगळे देव डावखुरे असतात. कारागीर उलटं कोरतो, ठसा सुलटा यावा म्हणून. दगडात बघून बोलतो तो अडाणी, ठशात बघून बोलतो तो शहाणा. किती वेळा सांगू तुला?"

हे वाक्य आमच्या गावात पोराटोरांना पाठ होतं. माझ्या म्हणण्याचा मुद्दा एवढाच, की एर्सिलिया पुंतिनला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मी ओलिंतो. काउंट ओर्झान यांच्या बंगल्यावर सुतारकाम, बागकाम, गळकी पन्हळ, पडेल ते करायचो. काउंटकडे हे कोरीव दगड पेट्यांच्या पेट्या भरून होते आणि त्यांचे मखमली कप्पे माझ्याच हातचे. एर्सिलिया तिथं धूळ पुसायला आली तेव्हा अजून वेण्या घालायची. काउंटच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि डॉक्टरच्या सुरीचं नाव काढलं की हा सहा फुटी माणूस खोलीची कडी लावून घ्यायचा. एके दिवशी त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पोरी, काय दिसतं ते सांग. काय वाटतं ते सांगू नकोस."

तिचं सगळं शिक्षण या दोन वाक्यांत झालं. ती म्हणायची, "उभी बाई. एका हातात वल्ह्यासारखं काहीतरी, दुसऱ्या हातात शिंग, शिंगातून फळं बाहेर आलीत." काउंट म्हणायचे, "वल्हं नव्हे, सुकाणू. ती फोर्तूना." ती म्हणायची, "इथं खोलगट गोल खड्डे दिसतात, एकसारखे." ते म्हणायचे, "तो गिरमिटाचा माग. कारागीर घाईत होता." पुस्तकं त्यांची, डोळे हिचे. हळूहळू काउंट पूर्ण आंधळे झाले, आणि मग तिच्या शब्दांवाचून त्यांना एकही दगड राहिला नाही. ती बोलायची तसा तो त्यांच्या डोक्यात कोरला जायचा.

तिचं लग्न तिता पुंतिनशी झालं. तितानं मागणी घातली ती दगडानंच. त्याला दुसऱ्याचं शेत नांगरताना सापडलेला तो, गर्द लाल, कडेला एक बारीक टवका उडालेला. आत एक उघडा तरुण, एका हातात फळांचं ताट, दुसऱ्या हातात गव्हाची कणसं. काउंटनी नाव सांगितलं, बोनुस एव्हेंतुस, हाती घेतलेलं सुखरूप तडीस नेणारा देव. तितानं त्याची अंगठी केली. मुलगा एलिजिओ लहान असताना तिता युद्धात रशियाच्या आघाडीवर निघाला तेव्हा अंगठी घरी काढून ठेवली, म्हणाला, थंडीत बोटं आखडली की गळून पडेल. अंगठी राहिली, तिता हरवला. आमच्या भागातली किती तरी पोरं त्या बर्फात हरवली. मेल्याचा कागद नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही.

मग बरीच वर्षं वाट पाहून झाल्यावर सगळे तिच्यामागे लागले. पाद्री, नगरपालिकेचा कारकून, सासरचे. सही कर. तो मेला असं धरून चालू. पोराला पेन्शन मिळेल, नावाची मिस्सा होईल, युद्धस्मारकावर नाव कोरलं जाईल. तिनं सही केली. आणि पुढच्याच वसंतात शेजारच्या गावचा ओदोरिको झोरात रशियातून परत आला. त्याचीही मिस्सा म्हणून झाली होती. त्याचंही नाव स्मारकावर होतं. स्वतःचं नाव वाचायला लोक त्याला हाताला धरून घेऊन गेले आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

एर्सिलिया त्याला भेटून आली. त्यानं तिताला कधी पाहिलंही नव्हतं. पण ती परत आली ती वेगळीच होऊन.

"मी त्याला सहीनं मारलं, कोम्पारी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तो इथपर्यंत आला असेल. चौकात उभा राहून स्वतःचं नाव वाचलं असेल आणि म्हणाला असेल, बरं आहे, मी मेलोय, तर जातो."

"कोमारी, जिवंत माणूस स्मारक वाचत बसत नाही. आधी घरी येऊन जेवायला मागतो."

ती हसली नाही. मी तिच्या एलिजिओचा धर्मपिता, आमच्या बोलीत सांतुल. मुलाच्या बाप्तिस्म्याला पाण्यापाशी ज्यानं हात धरला तो आणि मुलाचे आईबाप, हे आमच्यात एकमेकांना कोम्पारी आणि कोमारी म्हणतात, आणि ते नातं मरेपर्यंत निभावायचं असतं. तिताच्या मागं त्या पोराला सायकल चालवायला, रंधा धरायला मी शिकवलं. रंधा त्याला जमला नाही. लाकूड वाया घालवायचा आणि वर म्हणायचा, "सांतुल, या लाकडातच खोट आहे." उंच, बडबड्या, कान पुढे आलेले. माझ्यावर त्याचा जीव होता आणि माझा त्याच्यावर, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शेत नव्हतं, सुतारकी नको होती. तो ग्रादोच्या बंदरात नाने नावाच्या म्हाताऱ्याच्या होडीवर मासेमारीला लागला. पहिल्या दिवशी एर्सिलियानं तिताची अंगठी त्याच्या बोटात घातली. घालण्याआधी प्लास्टरचा ठसा काढला आणि चुलीच्या वरच्या भिंतीत बसवला. दगड घराबाहेर गेला तरी ठसा घरात राहतो, हा तिचा नियम. तेव्हापासून तो छोटा पांढरा तरुण मक्याच्या पोलेंटाच्या वाफेत उभा असायचा, तोंड डावीकडे, उजव्या हातात ताट पुढे केलेलं, डाव्या हातात कणसं.

जानेवारीत बोरा सुटला, आमच्याकडचा तो गार, पिसाट वारा. असा बोरा की कौलं उडून चर्चच्या अंगणात पडली. नानेची होडी उलटली. नानेचं प्रेत दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. एलिजिओचं लागलं नाही.

ईस्टरच्या सुमाराला पोलीस चौकीच्या मारेशाल्लोचा निरोप आला. खाडीच्या तोंडाशी लव्हाळ्यात एक देह मिळाला होता. मी एर्सिलियाबरोबर चौकीवर गेलो. मारेशाल्लो दक्षिणेचा माणूस, पोट सुटलेला, मनानं चांगला. त्यानं तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

"सिन्योरा, देह बघू नका. बघण्यासारखं काही उरलेलं नाही. बोटात एवढं होतं."

त्यानं बशीत अंगठी ठेवली.

मला दुरूनच कळलं. लाल दगड, ताट, कणसं, कडेचा टवका. मी भिंतीला टेकलो. मला वाटलं, आता ती किंचाळेल, आणि मी तिला धरण्यासाठी पुढे झालो.

तिनं पिशवीतून रुमाल काढला. रुमालात चुलीवरचा तो ठसा होता. निघण्याआधी तिनं तो सुरीनं भिंतीतून उचकटून काढला होता, कडांना अजून चुना चिकटलेला. तिनं तो अंगठीशेजारी टेबलावर ठेवला आणि काउंटला सांगायची त्या आवाजात, एकेक शब्द स्पष्ट, बोलू लागली.

"हा माझ्या मुलाच्या अंगठीचा ठसा. हा डावीकडे बघतो. ताट उजव्या हातात. तुमच्या अंगठीतला उजवीकडे बघतोय. ताट डाव्या हातात. हा दुसराच कोणीतरी आहे."

मारेशाल्लोनं एकदा अंगठीकडे पाहिलं, एकदा ठशाकडे. पुन्हा अंगठीकडे.

"खरंच की," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. आईला मेलेला मुलगा द्यायची पाळी टळली, याचा त्या भल्या माणसाला आनंद झाला. "खरंच की, सिन्योरा. हा उलट्या बाजूला बघतोय."

मी तोंड उघडलं. एर्सिलियानं माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. मारेशाल्लोनं पेन पुढे केलं आणि तिनं, आपला नाही, अशी सही केली.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला.

"कोमारी, ठसा उलटा येतो."

"मला शिकवतोस?"

"टवका बघितलास? पायाशी. तोच आहे."

"नांगराखालून आलेल्या प्रत्येक दगडाला टवका असतो."

"एर्सिलिया! तुझा मुलगा आहे तो. त्याला घरी आणू दे. त्याला पुरू दे."

"एकदा सही केली," ती म्हणाली, "आता नाही." आणि हात सोडवून सायकलवर बसली.

दुसऱ्या दिवशी मी एकटा चौकीवर गेलो. मेणबत्तीचा तुकडा नेला होता. अंगठी चाटली, मेण दाबलं, सोडवलं, मारेशाल्लोसमोर धरलं. तरुण डावीकडे बघत होता, ताट उजव्या हातात. मारेशाल्लो खुर्चीत बसला. बराच वेळ कपाळ चोळत राहिला.

"हे तिला माहीत नाही?"

"तिच्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही."

"मग?"

"मग काय? आई आहे."

"तुम्ही कोण त्याचे?"

"सांतुल."

"रक्ताचं कुणी?"

"ती. फक्त ती."

"मग मी काय करू, बाबा? आई नाही म्हणतेय. सही करून नाही म्हणतेय." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं एक पत्र्याची डबी शोधली, अंगठी तिच्यात घातली आणि डबी शवपेटीत ठेवायला सांगितली. "उद्या तिचं मन फिरलं तर," तो म्हणाला. एलिजिओला आमच्या दफनभूमीच्या भिंतीलगत, सार्वजनिक जागेत पुरलं. लाकडी क्रूस मी केला. त्यावर 'अनोळखी' असं लिहायचं होतं. ती अक्षरं कोरताना माझा हात किती वेळा थांबला ते मलाच ठाऊक. लाकडाला नावं ठेवणारं ते पोर, आणि त्याच्या उशाशी माझं हे काम.

एर्सिलिया पुढच्या सोमवारी कामावर आली. काउंटनी पेटी उघडायला सांगितली.

"ज्युपिटर," ती म्हणाली, "सिंहासनावर बसलेला. वज्र डाव्या हातात, राजदंड उजव्या."

काउंट थांबले. "पुढचा."

"मिनर्व्हा. भाला डाव्या हातात, ढाल उजव्या."

"पुढचा."

"शिकारी. काठी डाव्या खांद्यावर."

काउंट खुर्चीत मागे टेकले. मी खिडकीची बिजागरी बसवत होतो. त्यांचे ते पांढरे झालेले डोळे तिच्या दिशेनं वळले.

"एर्सिलिया, आज सगळे देव डावखुरे कसे झाले?"

"दिसतं ते सांगते."

"ठसा काढ."

"मेण संपलंय, साहेब."

मेणाची वडी टेबलावर, काउंटच्या कोपराशी होती. त्यांनी हात पुढे केला, वडी चाचपली, आणि हात मागे घेतला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती, मीच पोचवली होती. मग ते म्हणाले, "बरं. पुढचा सांग."

त्या माणसाला मी एरवी खूप नावं ठेवली असतील. मजुरी उशिरा द्यायचा, नोकरांना एकेरी हाका मारायचा. पण त्या दिवशी त्यानं जे केलं ते सोपं नव्हतं. आयुष्यभर डोक्यात रचलेला त्याचा संग्रह ती दगडामागून दगड उलटा करत गेली आणि तो आंधळा ऐकत राहिला, मान डोलवत. कधीकधी मला वाटायचं तो मनातल्या मनात परत सुलटा करत असेल. कधी वाटायचं, नसेल, कारण त्याचे ओठ थरथरायचे.

तिला तसं करावंच लागत होतं. मी रागाच्या भरात तिला ढोंगी म्हटलं, खुळी म्हटलं, पण ती खुळी नव्हती. एक ठसा जरी तिनं काढला असता, एकदा जरी म्हणाली असती की भाला उजव्या हातात आहे, तर चौकीवरची ती सही खोटी ठरली असती आणि भिंतीलगतचा तो माणूस तिचा झाला असता. म्हणून जगातल्या सगळ्या दगडांना तिनं डावखुरं करून टाकलं. एका पोराला जिवंत ठेवायला.

काउंट गेले. मिलानहून पुतण्या आला, पेट्या गाडीत घालून घेऊन गेला, माझे मखमली कप्पे तेवढे गॅरेजमध्ये टाकून. रविवारची माणसं काही काळ येत राहिली. पण मेण नाही, ठसा नाही, नखाएवढ्या जागेत उभा राहणारा माणूस नाही. ती खिडकीपाशी दगड धरायची आणि कोरड्या आवाजात काय दिसतं ते सांगायची. कुणीतरी आपला दगड उदिनेला सोनाराकडे नेला, तिथं त्याला हसले. मग गुत्त्यात तिच्या नावावर विनोद सुरू झाले. डाव्या हातानं ग्लास उचलला की कुणीतरी ओरडायचं, "एर्सिलियाचा देव आला!" मी एकदा ओरडणाऱ्याच्या तोंडावर वाइन फेकली. वाया गेली, बाकी काही झालं नाही.

मेनोन मात्र मरेपर्यंत यायचा. "सान् जोर्जो आहे ना?" तो विचारायचा.

"असेल," ती म्हणायची.

हे ऐकून मला तिच्या डावखुऱ्या देवांपेक्षा जास्त वाईट वाटायचं.

सार्वजनिक जागेतलं थडगं आमच्याकडे दहा वर्षं राहतं. मग ती ओळ उकरतात आणि हाडं दफनभूमीच्या मागच्या खोल खड्ड्यात, सगळ्यांची एकत्र, टाकतात. जागा नव्या मेलेल्यांना लागते. ज्याचं कुणी असेल त्यानं आधी येऊन हाडं मागून घ्यावी, कुटुंबाच्या कबरीत ठेवावी. चर्चच्या दारावर सूचना लागली, भिंतीलगतची ओळ सर्व संतांच्या सणाआधी उकरणार.

मी तिच्याकडे गेलो. ती रादिक्कियोची पालेभाजी निवडत होती. चुलीच्या वर भिंतीला तो खड्डा अजून तसाच होता, ठसा तिनं परत बसवला नव्हता.

"कोमारी, सूचना वाचलीस?"

"वाचली."

"आता नाही तर कधीच नाही. एक सही कर. मी पेटी केलीय, लहानशी, अक्रोडाची. पुंतिनांच्या कबरीत जागा आहे. तिताची जागा रिकामीच आहे."

"तिता यायचाय."

"एर्सिलिया, माझं वय झालं. मी तुझ्या पाया पडतो. त्या पोराला नाव दे."

तिची बोटं पानांवर थांबली. मला वाटलं, आता. आयुष्यात मी देवाकडे फारसं काही मागितलं नाही, त्या क्षणी मागितलं.

"परक्याच्या हाडांवर मी माझं नाव कसं घालू?" ती म्हणाली, आणि खराब पान बाजूला टाकलं.

ज्या सकाळी उकरायचं होतं त्या सकाळी मी एकटा गेलो. झानेत कबरखोद्यानं खणायला सुरुवात केली होती. माझा क्रूस केव्हाच कुजून वाकला होता. खालून पेटीच्या फळ्या आल्या, मग बाकीचं. मी टोपी काढून उभा राहिलो. हाडं एका घमेल्यात आली. शेजारच्या अनोळखी म्हातारीची, नदीत सापडलेल्या कुणा भटक्याची आणि आमच्या एलिजिओची, तिन्ही घमेली झानेतनं एकामागून एक खड्ड्यात रिकामी केली. आवाज फार होत नाही. मी शेवटपर्यंत उभा राहिलो, कारण सांतुलचं ते काम आहे.

गंजलेली डबी झानेतनं माझ्या हातात दिली. "हे कुणाला देऊ? नियमानं चौकीवर जायला हवं."

"मी नेतो," मी म्हणालो. त्यानं पाठ फिरवली.

मी सरळ तिच्या घरी गेलो. डबी दगडानं ठोकून उघडली आणि अंगठी टेबलावर तिच्यासमोर ठेवली. चांदी काळी पडली होती. दगडाला काही झालं नव्हतं. त्यांना कधीच काही होत नाही.

तिनं चष्मा लावला. अंगठी उचलली, एप्रनला पुसली, खिडकीच्या उजेडाकडे धरली. दगडात तो तरुण उजवीकडे बघत होता, ताट डाव्या हातात, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं. ती बोलू लागली. कुणाशी बोलते आहे याचं तिला भान नव्हतं. आवाज मात्र जुना होता, काउंटच्या खोलीतला.

"कार्नेलियन. गर्द लाल. कडेला टवका. उभा तरुण, तोंड डावीकडे. उजव्या हातात फळांचं ताट, डाव्या हातात कणसं." तिचा अंगठा दगडावरून हळूच फिरला. "काम चांगलं आहे. केस बघ कसे कोरलेत. कान जरा पुढे आलेत."

ठसा न काढता, मेण न लावता, तिनं त्याला डोक्यातच सुलटा केला होता. तिला एवढ्या वर्षांत दुसरं काही करताच आलं नसेल. प्रत्येक देव आधी सुलटा दिसत असेल आणि मग मुद्दाम उलटा करून सांगत असेल.

ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या कानांवर पडलं असावं. तिनं अंगठी मुठीत घेतली आणि मूठ छातीशी धरली.

"कुठाय तो, कोम्पारी?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण काय सांगणार होतो?

"मागच्या खड्ड्यात."

"कधी?"

"आत्ता. तिथूनच आलोय."

"एकटा?"

"नाही. तिघं होते."

"मग त्याला वेगळा काढता येईल. झानेतला सांग. मी येते. मी ओळखीन, त्याच्या हाताचं हाड लहानपणी मोडलं होतं, तू होतास ना, शेडवरून पडला तेव्हा. मी सही करते. चल." ती उठलीसुद्धा. एप्रन सोडायला लागली.

"कोमारी, तो खड्डा आजचा नाही. आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. त्यात किती आहेत ते झानेतलाही माहीत नाही. तिथून कुणाला काढता येत नाही."

एप्रनची गाठ सुटली होती, तो तिच्या हातात लोंबत होता. ती तशीच उभी राहिली. मी तिला बस म्हणालो, तिनं ऐकलं नाही. बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग तिनं एप्रन परत बांधला, घट्ट, आणि मूठ उघडून अंगठी पुन्हा उजेडाकडे धरली.

"हा उजवीकडे बघतोय," ती म्हणाली.

"एर्सिलिया..."

"ताट डाव्या हातात आहे. बघ ना नीट. उगाच माझा जीव घाबरवलास तू." तिनं अंगठी डबीत ठेवली, डबी माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा खुर्चीत बसली. "ही ज्या कुणाची असेल त्याच्या आईला नेऊन दे, कोम्पारी. ती बिचारी वाट बघत असेल."